जिवंत गांडूळ, कच्चं खत

गांडूळखताच्या धंद्यात मेलेलं गांडूळ फारसा त्रास देत नाही. रात्री बेडात सोडलेली गांडुळं सकाळी कडेला येऊन पडलेली असली, कुणाचं शेपटाकडचं टोक गळालेलं असलं, अंगातून पिवळसर पाणी सुटलेलं असलं, की कळायचं ते कळतं. बेड रिकामा करायचा, ज्यानं शेण दिलं त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आणि नव्यानं सुरुवात करायची. खरा घोर लावतात ती न मेलेली गांडुळं. वरचं गोणपाट उचललं तर हलताना दिसतात, अंग ओलं असतं, रंगही जागेवर असतो, पण बेड काही खाली बसत नाही. महिना उलटतो, दीड महिना उलटतो, तरी शेण शेणच राहतं.

मी जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातली. आमचा पट्टा मोसंबीचा आणि कापसाचा. बचत गटाच्या कर्जातून आम्ही बायकांनी बेड टाकले होते. पुढे गट पांगला, कुणी लेकरांच्या शिक्षणासाठी जालन्याला राहायला गेली, कुणाला रोजाने जाणं परवडायला लागलं, आणि बेड माझ्या गळ्यात पडले. तेव्हापासून हेच काम. लोक येऊन विचारतात, ‘औषधानं गांडूळ मरतं का हो?’ मी म्हणते, ते सोडा, औषधानंतर ते खातं का ते विचारा.

कारण खत तयार होतं ते खाण्यातून. ताजं शेण गांडुळाला चालत नाही, ते तापतं. म्हणून आधी पंधरा-वीस दिवस ढीग पाणी मारून थंड करायचा. मग सोडायची ती आयसेनिया फेटिडा नाहीतर युड्रिलस, दोन्ही वरच्या थरात राहून कुजलेलं खाणाऱ्या जाती. ती अर्धवट कुजलेल्या मालावरच्या जिवाणू-बुरशीसकट सगळं गिळतात, पोटातल्या पेषणीत दळतात आणि मागे टाकतात. त्या विष्ठेत नत्र, स्फुरद पिकाला लवकर घेता येईल अशा रूपात येतात. सुरुवातीला कर्ब नत्राच्या तीसपट किंवा जास्त असतो, तो विसाच्या खाली उतरतो. साध्या शेणखतात नत्र अर्धा टक्का सापडलं तरी पुष्कळ. गांडूळखताला सरकारच्या खत नियंत्रण आदेशात किमान १ टक्का नत्र, ०.८ टक्के स्फुरद, ०.८ टक्के पालाश आणि १८ टक्के सेंद्रिय कर्ब लागतो. या फरकाचेच पैसे शेतकरी आम्हाला देतो.

आता गांडुळानं अर्धंच खाल्लं तर? माल चाळणीतून जातो, पोत्यात भरला की काळाही दिसतो. शेतात पडल्यावर मात्र त्यातला न पचलेला कर्ब पचवायला मातीतले जिवाणू मातीतलंच नत्र उचलतात, आणि पीक पिवळं पडतं. मग गिऱ्हाईक पारावर सगळ्यांसमोर सांगतं की खत टाकलं आणि मिरची पिवळी पडली. असं एकदा झालं तेव्हा मी माल प्रयोगशाळेत दिला. नत्र एक टक्क्याच्या खाली, कर्ब भरपूर. अहवालाचा अर्थ उघड होता. हे खत झालंच नव्हतं. पण त्या बेडातली गांडुळं तर ठणठणीत होती! निदान तसं वाटत होतं. नीट चाळून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की बेडात मोठी गांडुळं तेवढी आहेत. मोहरीएवढे, लिंबाच्या आकाराचे पिवळट कोष जवळपास नाहीत, आणि पांढरी दोऱ्यासारखी पिल्लं तर औषधालाही नाहीत.

शेण शेजारच्या तात्यांच्या गोठ्यातलं होतं. तात्यांची जनावरं माळरानावर चरणारी, त्यांच्या रानात फवाराही बेताचा. म्हणून तर मी त्यांचंच शेण घेत होते.

‘तात्या, मधी काही औषध-बिषध टाकलं होतं का गोठ्यात? गोचिडाचं वगैरे?’

‘गोठ्यात न्हाई बा. जंताचं पाजलं सगळ्यांना. पावसाळ्याच्या आधी पाजतोच की आपण, डॉक्टर सांगतेत तसं.’

जंताचं औषध! इतकी वर्षं मी फवाऱ्याची चौकशी करत होते आणि जनावराच्या पोटातून काय येतं ते कधी विचारायचं सुचलं नव्हतं. खरं तर गोष्ट साधी आहे. अल्बेन्डाझोल, फेनबेन्डाझोल ही जंतनाशकं आणि आपण बियाण्याला चोळतो, झाडावर मारतो ते कार्बेन्डाझिम नावाचं बुरशीनाशक ही सगळी बेन्झिमिडाझोल या एकाच कुळातली. जंतनाशक पाजल्यावर त्याचा काही भाग पुढचे काही दिवस शेणातून बाहेर पडत राहतो. आणि कार्बेन्डाझिमचा गांडुळाशी असलेला वैरभाव तर इतका पक्का आहे की प्रयोगशाळांतल्या प्रमाणित चाचण्यांत, चाचणी नीट चालली आहे का हे पाहायला, मुद्दाम तेच वापरतात. बाटलीवर बैल काढलेला असो की मोसंबी, गांडुळाच्या दृष्टीनं कूळ एकच.

तात्यांच्या बाबतीत कारण हेच, असं मी लगेच मानलं नाही. त्या ढिगात पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, कुट्टीही होती. म्हणून एक डबा केला. फरसाणाचा पत्र्याचा चौकोनी डबा, मध्ये पुठ्ठा. एका बाजूला आमच्या जुन्या, खात्रीच्या बेडातला माल, दुसऱ्या बाजूला संशयित शेण. मधोमध गांडुळं सोडायची, पुठ्ठा काढायचा, वरून ओलं फडकं टाकायचं आणि दोन रात्रींनी पुन्हा पुठ्ठा घालून दोन्हीकडची मोजायची. जंतनाशक पाजल्यानंतर लगेचच्या आठवड्यातलं शेण एका डब्यात, महिन्यानंतरचं दुसऱ्या डब्यात. पहिल्यात बहुतेक गांडुळं जुन्या मालाकडे सरकली, दुसऱ्यात दोन्हीकडे सारखी पांगली. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षणाला आलेल्या एका विद्यार्थ्याला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, ‘मावशी, याला आंतरराष्ट्रीय मानक आहे.’ खरंच आहे, २००८ पासून. दोन कप्पे, ४८ तास. फरसाणाचा डबा त्यात नाही एवढंच.

डब्याला मर्यादा आहे, ती सांगायला हवी. डबा फक्त नकार सांगतो. गांडुळाला नको ते कळलं तर ते दूर जातं. सगळीच विषं त्याला कळत नाहीत. मज्जातंतूंवर काम करणारी काही औषधं अशी आहेत की गांडूळ मालात शिरतं, थोडं खातं आणि मग सुस्त होतं, हलायचं बळच उरत नाही. डब्यात ते ‘पास’, बेडात नापास. म्हणूनच प्रयोगशाळेतली मोठी चाचणी आठ आठवडे चालते. पहिले चार आठवडे मोठी गांडुळं ठेवायची, मग ती काढून घ्यायची आणि पुढच्या चार आठवड्यांत कोषांतून पिल्लं किती निघतात ते मोजायचं. मला तेवढी सवड नाही, पण पिल्लांकडे पाहायची सवय मी तिथून उचलली. आता बेडावर हात फिरवताना मी मोठं गांडूळ बघतच नाही.

कापसाची गोष्ट इथंच येते. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको इथंच सुरू केली आणि त्यानंतर बियाणे कंपन्यांनी शहराची ओळखच बदलली. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण त्याच्या किती तरी आधीची, पण बियाण्यांमुळे ती पुन्हा खरी ठरली असं जुनी माणसं सांगतात. आज कुठल्याही कंपनीची सरकी घ्या, पाकीट फोडलं की रंगीत बी निघतं. टोबताना बायकांची बोटं रंगतात. त्या रंगाबरोबर बहुतेक वेळा इमिडाक्लोप्रिड हे मज्जातंतूंवर काम करणारंच औषध असतं, रोप लहान असताना मावा-तुडतुड्यांपासून राखायला. ते मुळातून झाडात चढतं. पुढं रसशोषक किडी वाढल्या की त्याच कुळातलं औषध पंपातून पुन्हा पानावर येतं.

आणि त्या पऱ्हाटीचं आपण खत करतो. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं राज्यभर कापूस खाल्ला. त्यानंतर फरदड, म्हणजे वेचणीनंतर तेच पीक पुढं राखणं, घेऊ नका, पऱ्हाटी रानात ठेवू नका, कुट्टी करून कुजवा, असं गावोगाव सांगितलं जाऊ लागलं. सल्ला योग्यच होता, बांधावर रचलेल्या पऱ्हाटीत अळीचे कोष राहतात. पण त्यामुळे पूर्वी चुलीत जाणारी पऱ्हाटी आता खताच्या खड्ड्यात जास्त येते, आणि तिच्याबरोबर तिनं हंगामभर जे प्यायलं तेही येतं.

मेपलच्या झाडांना खोडकिड्यासाठी इमिडाक्लोप्रिड देतात. त्या झाडांची गळलेली पानं गांडुळांना खायला दिली तर काय होतं हे कॅनडातल्या संशोधकांनी २००८ मध्ये छापलं. पानांत प्रत्यक्ष सापडेल इतक्या मात्रेत गांडुळं मेली नाहीत. त्यांनी पानं खाणं कमी केलं, आणि पानांचं कुजणं मंदावलं. हे मला कुणी वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, हा तर माझा बेड झाला.

तरी पऱ्हाटी टाकून द्यावी असं मी म्हणत नाही. आमच्या भागात झाडाचा माल म्हणून दुसरं आहे काय? सोयाबीनचं कुटार जनावरं खातात, कडबा तर सोन्याच्या भावानं जातो. पऱ्हाटीला उष्णता द्यावी लागते. कुट्टी, शेण, थोडी माती, पाणी असा उंच ढीग लावला की आत ५५ ते ६० अंशांपर्यंत तापमान जातं, हात घालवत नाही. त्या उष्णतेत आणि तिथल्या जिवाणूंच्या हाताखाली बरीच औषधं मोडतात. दोन-तीनदा ढीग पालटायचा आणि मग महिनोन्‌महिने थांबायचं. पुसदच्या पांढरीपांडे यांच्या नाडेप टाक्याला चार महिने लागतात म्हणून लोक नाक मुरडतात आणि गांडूळखताकडे वळतात. मला आता उलट वाटतं. पऱ्हाटी आधी नाडेपात, मग गांडुळाच्या तोंडी. घाई करायला जावं तर गांडूळच काम लांबवतं.

बेडातली गांडुळं निदान माझ्या नजरेसमोर असतात. रानातल्यांकडे कोण बघतं? आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, भेगेत काठी घातली तर अर्धी आत जाते. गावरान गांडुळं तेव्हा खोल जाऊन गोळा होऊन पडतात. मृगाचा पाऊस पडला, जमीन ओलावली, की वर येतात. म्हणजे आमच्याकडे गांडुळाचा कामाचा हंगाम चार महिन्यांचा. डार्विननं १८८१ मध्ये गांडुळांवर पुस्तक लिहिलं ते इंग्लंडच्या ओल्या जमिनीवर, तिथं त्यांना आमच्याएवढी लांब रजा नाही. आणि आमच्या रानात औषधाचा हंगाम कोणता? तोच. जूनमध्ये औषध लावलेलं बी, जुलैत तणनाशक, पोळ्याच्या आसपास मावा-तुडतुडे-फुलकिड्यांचा फवारा, पुढं बोंडअळी. गांडूळ वर यायला आणि पंप खांद्यावर घ्यायला एकच मुहूर्त. उन्हाळ्यात फवारणी करावी लागली असती तर गांडुळांचं निम्मं नुकसान टळलं असतं, पण पिकाला ते कसं समजावणार?

तणनाशकाबद्दल सगळे म्हणतात, ते गवताला मारतं, गांडुळाला त्याचं काय. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ग्लायफोसेटवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. खोल बीळ करणाऱ्या गांडुळांनी जमिनीवर विष्ठा टाकणं तीन आठवड्यांत जवळपास थांबवलं, दुसऱ्या एका जातीची पैदास तीन महिन्यांत ५६ टक्क्यांनी घटली. त्यातही मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. मातीतलं नायट्रेट आणि फॉस्फेट खूप वाढलेलं आढळलं. आपण म्हणू, चांगलं झालं, खत वाढलं. पण ते उचलायला झाड उरलेलं नव्हतं. अशा वेळी मोठा पाऊस आला तर ते अन्न वाहून जायचं किंवा खाली झिरपायचं. म्हणजे माती परीक्षणात नत्र जास्त दिसणं हेही दरवेळी सुखाचं लक्षण नाही.

मोसंबीत आम्हाला मोरचुदाशिवाय चालत नाही. डिंक्या आला की खोडाला बोर्डो पेस्ट, पावसाळ्यात एक टक्क्याचा बोर्डो फवारा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, हे प्रमाण आमच्याकडे पोराटोरांना पाठ आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात तालुक्यातल्या कितीतरी बागा वाळून सरपणाला गेल्या. ज्यांनी टँकरनं पाणी घालून बाग वाचवली त्यांना एकेक झाड लेकरासारखं झालं, आणि अशा झाडाला रोग दिसला की माणूस हात राखून औषध देत नाही. मोरचुदातलं तांबं मात्र मोडत नाही. ते खोडावरून ओघळून आळ्यात येतं आणि तिथंच साठतं, नेमकं जिथं पांढरी मुळं आणि गांडुळं असतात तिथं. इंग्लंडातल्या सफरचंदाच्या जुन्या बागांत वर्षानुवर्षं बोर्डो मारल्यावर गांडुळं नाहीशी झाली आणि झाडाखाली न कुजलेल्या पानांची जाड गादी तयार झाली होती. पुढं १९७०च्या दशकात बेनोमिल आलं, कार्बेन्डाझिमचंच भावंड, तेव्हाही गळलेली पानं तशीच पडून राहू लागली. आमच्या जुन्या बागेत पाचट-पाला आळ्यात टाकल्यावर पुढच्या वर्षी तो ओळखू येण्याइतका शिल्लक असतो. नव्या बागेत मात्र पावसाळ्यात दिसेनासा होतो.

इथं मला सेंद्रियवाल्यांशी थोडं भांडायचं आहे. बोर्डो सेंद्रिय शेतीतही मर्यादेत चालतो. गांडुळाला प्रमाणपत्र वाचता येत नाही. अग्निअस्त्र नावाच्या घरगुती फवाऱ्यात तंबाखू उकळतात. तंबाखूतलं निकोटिन आणि इमिडाक्लोप्रिड मज्जातंतूंच्या एकाच जागेवर जाऊन बसतात, आणि इमिडाक्लोप्रिडच्या कुळाचं नावच निकोटिनवरून पडलंय. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की निकोटिन लवकर मोडतं आणि दुसरं मातीत महिनोन्‌महिने टिकतं. नैसर्गिक शेती सांगणारे अमरावतीकडचे सुभाष पाळेकर आयसेनियाला परदेशी प्राणी म्हणतात, गावरान गांडूळच खरं म्हणतात. जमिनीपुरतं त्यांचं म्हणणं मला पटतं. वरवर राहणारी आयसेनिया आमच्या कोरडवाहू काळ्या रानात टिकणारच नाही, ते काम गावरानचंच. पण शेणाच्या ढिगाचं खत करायला खोल बिळात राहणारं गावरान गांडूळ येत नाही, हेही तितकंच खरं. दोघांची कामं वेगळी. औषधानं दोघांचंही नुकसान होतं, त्यात देशी-परदेशी नाही.

बंदीचं म्हणाल तर फोरेट २०२० अखेर बंद झालं. २०२३ च्या आदेशानं मोनोक्रोटोफॉसचा बाजार आवरला आणि कार्बोफ्युरानचं फक्त ३ टक्के दाणेदार रूप ठेवलं. हुमणीला, खोडमाशीला फोरेट-कार्बोफ्युरानचे दाणे मुठीनं टाकायचे दिवस मी पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी सरीत गांडुळं वर येऊन पडलेली आणि बगळे, साळुंक्या ती टिपताना, असं दिसायचं. पक्षीही मग दिसेनासे व्हायचे. माणसाच्या जिवासाठी म्हणून का होईना बंदी आली, बरं झालं. मात्र ज्या औषधांनी गांडूळ मरत नाही, नुसतं काम थांबवतं, त्यांच्यावर बोट ठेवणारा रकाना मला अजून कुठल्या तक्त्यात दिसला नाही. खत नियंत्रण आदेशात गांडूळखतासाठी शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल यांच्या मर्यादा आहेत. कीटकनाशकाच्या अंशाची ओळ नाही. तेव्हा माझ्या पोत्यावर छापलेले आकडे खरे असतात, आणि तरी त्यातून गिऱ्हाइकाला सगळं कळत नाही.

म्हणून मी आता माल घेताना पोलिसासारखी चौकशी करते. जंताचं कधी पाजलं? गोचिडाचं कधी? कडबा कुठल्या रानातला? धुऱ्यावर तणनाशक मारलंय का? सुरुवातीला लोकांना राग यायचा. शेण विकत घ्यायला आलीस का जबाब घ्यायला, असं एका बाईनं मला तोंडावर विचारलं होतं. मग मी भावात फरक केला. ज्याला जंतनाशकाची तारीख सांगता येते आणि जो त्यानंतरचं शेण वेगळं ठेवतो, त्याला ट्रॉलीमागं जास्त पैसे. राग गेला, तारखा आल्या. त्यातल्या काही थापा असतात, त्यासाठी डबा आहेच.

सगळ्यांत निर्धास्त माल मात्र मला मिळाला तो तुतीवाल्यांकडून. जालन्याच्या बाजार समितीत २०१८ मध्ये राज्यातली पहिली रेशीम कोष बाजारपेठ सुरू झाली आणि आमच्या तालुक्यात तुती वाढली. रेशमाची अळी औषधाच्या बाबतीत गांडुळाहून नाजूक. शेजारच्या कापसावरचा फवारा वाऱ्यानं तुतीवर आला तरी बॅच हातची जाते. त्यामुळे तुतीवाला स्वतः फवारत नाही आणि शेजाऱ्यालाही हाताला धरून थांबवतो. अळ्यांची विष्ठा, उरलेला पाला, काड्या असं शेडमधून जे निघतं ते नत्रानं भरलेलं आणि आधीच बारीक. त्यात एकच काळजी घ्यायची. रोग येऊ नये म्हणून अळ्यांच्या बेडवर चुना आणि निर्जंतुक भुकटी टाकतात, तेव्हा ते थेट गांडुळाला द्यायचं नाही, शेणात मिसळून महिनाभर मुरवायचं. त्या बेडात कोष आणि पिल्लं इतकी होतात की मी नव्या बेडांना बियाणं तिथूनच घेते.

पहिली दोन वर्षं हा माल फुकट मिळत होता, उलट शेड साफ करून नेते म्हणून चहा मिळायचा. मग गोणीमागं पैसे लागले. यंदा अंबडजवळच्या एका पोराला फोन केला तर म्हणाला, ‘मावशी, या वेळेस नाही जमायचं. आम्हीच बेड टाकलेत दोन. गांडुळं तेवढी तुमच्याकडची द्या, चांगली पिल्लंवाली. काय भाव लावता?’

मी भाव लावला. चालू बाजारापेक्षा थोडा जास्तच.